कौतिकाचं आवतण

कौतिका, परवा गावानं तुला सोशिक ठरवलं.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तुझी शोकसभा झाली. ज्या ओट्यावर जिवंतपणी तुला कोणी बस म्हटलं नाही, त्याच ओट्यावर तुला खुर्चीत ठेवून हार घातला. तुझा एकटीचा फोटो काही सापडेना, म्हणून तुझ्या लेकीच्या, शोभाच्या लग्नातल्या फोटोतून तुला कापून मोठं केलं होतं. त्यामुळं तुझ्या खांद्यावर मनगटापर्यंत कोणाचा तरी हात दिसत होता. लोक विचारत होते, हा हात कोणाचा? माझा होता. मी गप्प बसले, कारण नाना बोलायला उठले होते.

नाना आता थकलेत. पण गावातली सगळ्यात मोठी जमीन अजून त्यांचीच, आणि बोलायला पहिलं उठायचा मानही त्यांचाच. ते म्हणाले, "कौतिकाबाई लय सोशिक बाई होती. दुष्काळानं आपल्या गावाचं लय वाटोळं केलं. माणसाला माणसापासून तोडलं. न्हाईतर आपल्या गावात भांडण कधी होतं?" लोकांनी माना हलवल्या. तू आणि सोशिक! शेजारी शोभा बसली नसती तर मी तिथंच हसले असते. तू मुकादमाला सोसलं नाहीस, नवऱ्याला सोसलं नाहीस, मला तर तू एक दिवस धड बोलू दिलं नाहीस.

पुढं नाना म्हणाले, तिच्या आठवणीसाठी गायरानावर झाडं लावू. झाडं असली की पाऊस येतो, सरकारही मदत करतं, वनाला कौतिकाबाईचंच नाव देऊ. सोमवारी खड्डे खोदायला माणसं येतील. गायरानावर म्हणजे कुठं, हे कोणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. आपल्या एवढ्या मोठ्या माळावर माती म्हणावी अशी जागा एकच आहे, आणि ती तू केलेली आहे. नाव तुझं, रान त्यांचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, एवढंही कोणाच्या लक्षात आलं नाही.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? नानांनी माझं वाक्य चोरलं याचा. दुष्काळानं माणसाला माणसापासून तोडलं, हे मी तुला किती वेळा म्हणाले असेन. आणि दर वेळी तू एकच म्हणायचीस, "भागे, दुष्काळाला हात असतेत का?"

आपलं हे भांडण बहात्तरच्या दुष्काळापासूनचं. देवगाव फाट्याकडच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं होतं. मी नवी नवरी होते, सातवी शिकलेली, मेंढरांच्या घरात पडलेली. शाळा शिकलेल्या सुनेच्या हातात घण आला म्हणून सासूला वाईट वाटत होतं. मला वाईट वाटायला वेळच नव्हता. पहिल्या दिवशी मुकादमानं जोड्या लावल्या. एकीनं पाटी भरायची, दुसरीनं वाहायची. आमच्यातली एक बाई आजारी पडली, तुमच्या वस्तीतली एक आली नाही, आणि उरलेल्या दोघी आपण. मुकादम घुटमळला. तू म्हणालीस, "काय बघायलास? खडीला जात असती का?" आणि पाटी माझ्यापुढं आपटलीस. मी ती भरली. त्या सालभरात आपण दोघींनी किती रस्ता केला ते आता आठवत नाही, पण एसटी त्या वळणावर गचका खाते तेव्हा मला अजून वाटतं, हा तुकडा कौतिकानं पाटी वाहायचा कंटाळा केला त्या दिवशीचा असणार.

तिथं सरकारी खाऊ, सुकडी, एका रांगेत मिळायची. पाण्याचा टँकर एकच होता आणि त्याला तोटी एक. सुरुवातीला चार दिवस लोकांनी रांगा वेगळ्या केल्या. मग ऊन एवढं वाढलं की रांगा कधी एक झाल्या ते कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. मला ते फार चांगलं वाटायचं. मी घरी येऊन सासूला सांगायची, संकटात माणसं एक होतात. सासू म्हणायची, हो का, मग पाऊस पडल्यावर बघू.

पाऊस पडला. पुढं काही वर्षं चांगला पडला. आणि विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या साली तर आपल्या शिवारात ज्वारी डोक्याच्या वर होती. कणगी भरलेल्या होत्या. विहिरी काठोकाठ होत्या. त्या साली तुझं घर जाळलं.

त्या दिवसाबद्दल आपण कधी फार बोललो नाही. मी आले तेव्हा तू राखेतून पत्रे ओढून काढत होतीस. धगीनं पत्रे वाकडे झाले होते, रंग निळा-तांबडा झाला होता. मी म्हटलं, राहू दे, आपण नवे बघू. तू म्हणालीस, "नवे कशाला? हे बोलतेत." मग ते पत्रे डोक्यावर घेऊन तू सरळ गायरानावर गेलीस, माळावर चार मेढी रोवल्या, त्यावर पत्रे टाकले आणि म्हणालीस, "इथं राहनार. इथं कुनाच्या बापाचं काही जळत न्हाई." दगड वेचून वेचून तू बांध घातलास. पहिली दोन वर्षं त्या मुरमात काही धड आलं नाही. लोक हसायचे. तू पुन्हा पेरायचीस.

म्हणून तू म्हणायचीस, दुष्काळात एका पाटीनं खडी वाहिली आणि सुगीत घर जाळलं, मग भांडण पावसानं लावलं का माणसानं? पण मी हट्टानं म्हणायची, तरी पाऊस असता तर. तू म्हणायचीस, "पाऊस होता की!"

मग तो दुसरा दुष्काळ आला. बहात्तरसारखा त्याचा गाजावाजा झाला नाही. मृग बरा गेला, पेरण्या झाल्या, आणि ऐन भरात पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. पोळ्यापर्यंत नदीच्या पात्रातली वाळू उघडी पडली. आमच्या मेंढरांना पाणी राहिलं ते फक्त नानांच्या मळ्यातल्या हौदात. रोज दुपारी मोटर चालू व्हायची, हौद भरायचा, मेंढरं प्यायची. माझे सासरे, मामंजी, रोज तिथं जाऊन नानांना रामराम घालायचे. आधी ते कोणालाच रामराम घालत नसत. मेंढक्याचा ताठा होता त्यांना. मेंढरं तहानली की ताठा राहत नाही, हे मी त्या साली डोळ्यानं पाहिलं.

एके दिवशी नाना मामंजींना म्हणाले, "हौद तुमचाच समजा. उन्हाळाभर पाणी प्या. आमच्या रानातला पाला-पाचोळाबी खाऊ द्या. तेवढं एकदा गायरानात मेंढरं घाला. गायरान गुरा-मेंढरांचंच असतंय, तिथं पेरायचं काय कारन?" मामंजी तसेच मेंढरं घेऊन निघाले. घरी येऊन जेवले नाहीत. मला सगळं कळत होतं. नानांना तुझ्याशी उघड भांडायचं नव्हतं. तुझं घर जाळलं तेव्हा एकदा हात पोळले होते, पोलिसांची गाडी वस्तीवर येऊन गेली होती. आता त्यांना वाईटपणा न घेता काम करून घ्यायचं होतं. मेंढरं शिरली, तू पेरलेला हुलगा फस्त झाला, तू आणि आम्ही एकमेकांच्या उरावर बसलो, की नाना बाजूला उभे राहून म्हणणार, बघा, दुष्काळानं काय वेळ आणली.

दुसऱ्या दिवशी मी घास न गिळता तुझ्याकडं आले आणि सांगितलं. मला वाटलं, तू शिव्या देशील, वस्तीतली माणसं काठ्या घेऊन बांधावर उभी करशील. तू हुलग्याकडं बघत राहिलीस. वीतभर वाढला होता आणि पिवळा पडला होता. शेंगा धरल्या नव्हत्या. तू एक रोप उपटलंस, मूळ बघितलंस आणि माझ्या हातात दिलंस. "ह्यात काय हाय सांग." मी म्हटलं, काही नाही. "मग काय राखायलेय मी?" असं म्हणून तू घरात गेलीस. तुझ्याकडं एक नारळ होता, शोभाच्या नवसाचा. तो पदराखाली घेतलास आणि माझ्या पुढं चालायला लागलीस.

हे वाचणाऱ्या नव्या पोरांना कदाचित ठाऊक नसेल म्हणून लिहिते. कोणी शेतकरी आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो तेव्हा तो मेंढक्याच्या दारात स्वतः नारळ घेऊन जातो. ते आवतण. मेंढक्यानं नारळ फोडला की सौदा पक्का. मग मेंढरं त्या रानात मुक्कामाला बसतात, आणि मेंढक्याला संध्याकाळची भाकरी रानाच्या मालकानं द्यायची, वर ज्वारी मापून द्यायची. आवतण मालकच देऊ शकतो, दुसरा नाही. आजवर तुमच्या वस्तीतून कोणी असं आवतण दिलं नव्हतं, कारण तुमच्याकडं बसवायला रानच नव्हतं.

तू आमच्या मेंढरांच्या जाळीपाशी उभी राहिलीस. कुत्री तुला ओळखायची, भुंकली नाहीत. मामंजी मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. तू नारळ पुढं केलास.

"मामा, माझ्या रानात मेंढरं बसवायचीत. आवतण घेऊन आले."

मामंजींनी मान वर केली. "तुझ्या रानात हुलगा हाय की."

"हाय. तोबी खाऊ द्या. शेंगा धरल्या न्हाईत, आता धरायच्याबी न्हाईत."

"पीक खाऊ घालायलीस?"

"पीक कुठलं? पाला हाय. मला खत पायजे. पुढच्या साली पीक घीन."

मामंजींनी नारळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. नारळ घेणं म्हणजे ते रान तुझं आहे असं सगळ्या गावासमोर कबूल करणं. "अन् नानाची विहीर?" ते म्हणाले.

"पान्याचं आमच्या बाया बघतील."

"त्याला काय सांगू मी?"

"सांगा की, तुमी म्हनला तसं केलं. गायरानात मेंढरं घातली."

मामंजी हसले. किती दिवसांनी हसले होते! हसता हसता त्यांना ठसका लागला. मग त्यांनी दगड उचलला आणि नारळ तिथंच फोडला. एक कवड तुझ्या हातात दिली, एक माझ्या. मी आजवर खाल्लेल्या खोबऱ्यात ते सगळ्यात गोड होतं, हे मी कोणासमोरही सांगेन.

संध्याकाळी मेंढरं तुझ्या रानात शिरली तेव्हा नानांचा गडी बांधावर बघायला आला होता. त्याला वाटलं, काम झालं. तो बघतो तर तू स्वतः पुढं होऊन मेंढरं आत घेतेस, जाळी कुठं लावायची ते दाखवतेस आणि मामंजींना बसायला गोणपाट टाकतेस. मग तू भाकरी आणलीस, ठेचा आणलास. आता सगळे बघत होते ते मामंजींच्या हाताकडं. आमच्यातले दोघे-तिघे त्यांना म्हणाले, दाजी, घरी चला, घरी जेवू. मामंजी म्हणाले, "मेंढरं जिथं बसली तिथंच मेंढक्यानं जेवायचं, ही रीत हाय. तुमच्या आज्याची रीत हाय. मोडू का?" आणि भाकरी मोडली. रीतीवर बोट ठेवून मामंजींनी दुसरी रीत मोडली आणि कोणाला तोंड उघडायला जागा ठेवली नाही.

पण फुकट काही झालं नाही. आधी तुझीच माणसं तुझ्यावर चिडली. तुझा दीर म्हणाला, आपल्या हातानं आपलं पीक चारलंस, आता नानासारखंच हे मेंढकेबी गायरान आपलं म्हनतील, मग काय करशील? तो खोटं बोलत नव्हता. गायरानावर आमच्या लोकांचाही डोळा होता, चराईला जागा कमी होत चालली होती आणि चारा नसला की मेंढक्याला कोणाचंही हिरवं आपलं वाटतं. तू त्याला म्हणालीस, "ज्यानं आवतण घेतलं तो आवतनाचा पाहुना. पाहुना घर बळकावत न्हाई." पुढं आमच्यातल्या एक-दोघांनी तसा विचार बोलून दाखवला, तेव्हा मामंजींनी त्यांना हेच वाक्य ऐकवलं. तुझं नाव न घेता. त्यांना वाटायचं, ते त्यांनाच सुचलं.

आणि नानांनी हौद बंद केला.

तुमच्या बाया नदीत उतरल्या. वाळूत झिरा खणायचा, तळाला ओल लागली की थांबायचं, पाणी झिरपू द्यायचं, वाटीनं भरायचं. आधी मेंढरं, मग घरचे हंडे, असं तू ठरवलंस. वस्तीतल्या बाया कुरकुरल्या, पण थांबल्या. दोन दिवसांनी सकाळी जाऊन बघतो तर झिरा बुजवलेला, वर बाभळीचे काटे. पुन्हा खणला. पुन्हा बुजवला. मग तू गोणपाट आणि भाकरी घेऊन सरळ झिऱ्याच्या काठावर जाऊन बसलीस. दिवसभर. मी तुझ्या शेजारी बसले. मी शिकवायची त्या बालवाडीला सुट्टी दिली, पोरांना सांगितलं, आज नदीवर शाळा. पोरं वाळूत किल्ले करत होती आणि आपण दोघी पावसावरून भांडत होतो.

मी म्हटलं, "पाऊस असता तर ही पाळी आली नसती."

तू म्हणालीस, "वाळवंटात बसून बी तुझं तेच?"

"मग सांग ना. हौद भरायला नानाच्या विहिरीशिवाय दुसरीकडं पाणी असतं, तर मामंजींनी नानाचं ऐकून घेतलं असतं का? नानाच्या शब्दाला जोर कशानं आला? तहानेनं."

तू गप्प झालीस. तुला गप्प करणं माझ्या आयुष्यात फार कमी वेळा जमलं, म्हणून मला तो क्षण नीट आठवतो. तू वाळू मुठीत घेऊन सोडत होतीस. मग म्हणालीस, "काठी रानात पडलेलीच असती भागे. उचलतंय कोन, ते बघ."

मी म्हटलं, "पण काठी पडलीच नसती तर?"

"उद्या सांगते," तू म्हणालीस. आणि नदीच्या पलीकडून नानांचा धाकटा मुलगा येताना दिसला, म्हणून तू उठून उभी राहिलीस, कमरेवर हात ठेवून. तो तुला बघून दुसऱ्या वाटेनं गेला. झिरा त्यानंतर कोणी बुजवला नाही. पण तो उद्या काही आला नाही. तू मला उत्तर दिलंच नाहीस.

पुढच्या साली पाऊस झाला आणि तुझ्या रानात जे उगवलं ते गावानं बघितलं. सगळा माळ पिवळसर खुरटा, आणि मधोमध तुझा तुकडा काळाभोर हिरवा. रस्त्यावरून एसटीतून दिसायचा. अनोळखी माणसं कंडक्टरला विचारायची, ते कोणाचं रान? आणि आपल्या गावचा माणूस एसटीत असला की त्याला तुझं नाव सांगावं लागायचं. मी एकदा मुद्दाम परभणीहून येताना खिडकीशी बसले, आणि कोणी विचारीना म्हणून स्वतःच शेजारच्या बाईला विचारलं, बाई, ते हिरवं रान कोणाचं हो? ती म्हणाली, मला काय माहीत, मी पेडगावची. मग मीच तिला सांगितलं. तुला हे सांगितल्यावर तू मला वेडी म्हणालीस आणि दिवसभर हसत होतीस.

दरवर्षी तू नारळ आणायचीस, पुढं मेंढरं कमी झाली तरी. दोन सालं तू आजारी होतीस तेव्हा नारळ आला नाही, पण मेंढरं बसली. मामंजी म्हणाले, "तिनं कुठं नको म्हटलंय?"

यंदा जानेवारीत विद्यापीठाचं नाव झालं. इतक्या वर्षांनी. तू साखर घेऊन आमच्या दारात आलीस. मामंजींनी हात पुढं केला, साखर तोंडात टाकली आणि मग विचारलं, कशाची गं? तू म्हणालीस, "नावाची." ते म्हणाले, "एवढ्या नावासाठी लय माणसं गेली." तू म्हणालीस, "नावासाठी न्हाई गेली मामा. नावाच्या निमित्तानं मारली." मग माझ्याकडं वळून म्हणालीस, "नाव झालं. आता रानाचं बघायचं." मी म्हटलं, आज तरी बस निवांत. तू बसली नाहीस.

आणि एवढ्या लवकर गेलीस. मला रागच आलाय तुझा, कौतिका. परभणीच्या दवाखान्यात तुझ्या उशाशी बसले होते तेव्हा तू अचानक म्हणालीस, "ते पान्याचं, तू नदीत म्हनली होतीस ते. अर्धं खरं हाय." मी म्हटलं, बघ! इतक्या वर्षांनी कबूल केलंस! आणि उरलेलं अर्धं? तू डोळे मिटलेस. म्हणालीस, "जरा पडू दे." मी पडू दिलं. नसतं पडू दिलं तर बरं झालं असतं. हलवून उठवायला हवं होतं तुला, भांडायला हवं होतं. आपण दुसरं केलं तरी काय होतं आयुष्यभर?

आता उरलेल्या अर्ध्याचं मी एकटीनं काय करू? पाऊस लहरी होत चाललाय. मामंजी म्हणतात, त्यांच्या तरुणपणी नक्षत्रं अशी कोरडी जात नव्हती. यंदाही मृग गेला, आर्द्रा निम्मी गेली आणि पेरणी नाही. तू म्हणायचीस, काठी पडलेलीच असते. पण काठ्या वाढायला लागल्यात गं. आधी नानांच्या हातात विहीर होती, आता झाडं आहेत. पाऊस पाहिजे म्हणून झाडं लावायची, झाडं लावायला जागा पाहिजे म्हणून तुझं रान. नानांच्या बांधावरची बाभळ आणि लिंब त्यांनी गेल्याच वर्षी तोडून विकले, तिथं खड्डे खोदा असं कोणी म्हणत नाही. माझं म्हणणं खरं होतं, कौतिका, तहान माणसाला वाकवते. आणि तुझंही खरं होतं, कोणीतरी वाकवायला उभं असतं. हे दोन्ही एका वेळी खरं आहे, हे मला तुला सांगायचं होतं. तू हो म्हणाली असतीस असं नाही. पण दुसऱ्या दिवशी तेच आपलं म्हणून मला ऐकवलं असतंस.

काल तुझं पुण्यानुमोदन, तुमच्याकडचं दिवसकार्य, झालं. शोभा रडत होती. म्हणाली, "मावशी, मी काय करू? मला तिकडं घरदार हाय. सोमवारी खड्डे खांदायला येतीलच." मी म्हटलं, सोमवारला अजून एक अख्खा दिवस आहे, तू भाकरी किती जणांच्या करू शकतेस ते सांग.

घरी आले आणि मामंजींना म्हटलं, उद्या मेंढरं कौतिकाच्या रानात बसवायची. ते बाजेवर पडून होते. आता त्यांना मेंढरांमागं जायला होत नाही, पण विचारल्याशिवाय मेंढरं हलत नाहीत. ते म्हणाले, "आवतन कुनाचं?"

मी म्हटलं, "कौतिकाचं."

"ती गेली की."

"तिनं कुठं नको म्हटलंय?"

मामंजी उठून बसले. मग म्हणाले, "काठी दे. मीबी येतो."

आज रविवार. दिवस मावळायला आलाय आणि मी तुझ्या पत्र्याखाली बसून हे लिहितेय. मेंढरं तुझ्या रानात बसलीत, चारही बाजूंनी जाळी लागलीय, कुत्री बांधावर आहेत. वस्तीतल्या बाया आल्यात. तुझा दीर आलाय, त्यानं पाण्याच्या दोन घागरी आणल्यात आणि एकीतलं पाणी आधी मेंढरांना पाजलंय. शोभा तुझ्या चुलीवर भाकरी करतेय, करपवतेय तुझ्यासारखीच. मामंजी गोणपाटावर बसून पहिल्या भाकरीची वाट बघताहेत. उद्या माणसं खड्डे खोदायला येतील. येऊ देत. बसलेली मेंढरं उठवायची तर मेंढक्याला विचारावं लागतं, आणि मेंढका सांगेल, रानाच्या मालकिणीला विचारा.